पाद्र्याची गोष्ट, न सांगितलेल्या भागासकट

डॅलसच्या ईशान्येला गार्लंड नावाचं गाव आहे. गाव आपलं म्हणायचं, आता ते डॅलसलाच चिकटलंय. गोदामं, टायरची दुकानं, ६३५ नंबरच्या हायवेकडे नेणारे रस्ते आणि उन्हात पांढरी पडलेली पार्किंगची मैदानं. पाहुणे आले की दाखवायला न्यावं असं तिथे काही नाही. पण जानेवारी १९७५ मध्ये विली नेल्सन हा गायक आपली मंडळी घेऊन इथल्या ऑटम साउंड नावाच्या नव्याकोऱ्या स्टुडिओत आला, थोड्याच दिवसांत एक रेकॉर्ड पुरी करून गेला, आणि तेव्हापासून कंट्री संगीताचा, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या गाण्यांचा, इतिहास लिहिणाऱ्या कुणाला गार्लंडचं नाव टाळता आलेलं नाही.

'रेड हेडेड स्ट्रेंजर' हे त्या रेकॉर्डचं नाव. त्याच वर्षी मे महिन्यात कोलंबिया कंपनीने ती बाजारात आणली. माझ्याकडे आहे ती २००० साली नव्याने निघालेली सीडी. आवाज स्वच्छ केलेला, आणि मूळच्या पंधरा तुकड्यांच्या मागे चार जास्तीचे जोडलेले. जुन्या सीड्या विकणाऱ्या एका दुकानात, खोक्यात वाकून शोधताना ती हाती लागली. मुखपृष्ठावर टोपी घातलेला, तांबूस दाढीचा विली.

टेक्सासला यायच्या आधी माझं कंट्रीचं ज्ञान म्हणजे कॉलेजच्या ट्रिपमध्ये गिटारवाल्या मुलाने म्हटलेलं जॉन डेन्व्हरचं ते एक गाणं. तेवढं सगळ्यांनाच येतं. इथे आल्यावर कंट्री कानावर पडायला लागलं ते किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर, दातांच्या डॉक्टरकडे. ट्रक, बिअर, सोडून गेलेली पोरगी, पुन्हा ट्रक. ऐकून न ऐकल्यासारखं करायची सवय लागली होती. आमच्या ऑफिसात निवृत्तीला टेकलेले एक गृहस्थ आहेत, जन्माने टेक्सन. एकदा जेवणाच्या सुट्टीत माझी ही नावडती यादी ऐकून ते म्हणाले, तुला गोष्टी आवडतात ना, मग हे ऐक, आणि गाडीत तुकड्यातुकड्याने ऐकू नकोस. मी अर्थातच गाडीत, तुकड्यातुकड्याने ऐकलं आणि फारसं काही कळलं नाही. मग एका रविवारी घरी कुणी नसताना नीट बसून ऐकलं.

गोष्ट १९०१ सालची. एक पाद्री. बायकोवर त्याचा जीव. ती एके दिवशी आपल्या जुन्या प्रियकराकडे निघून जाते. हा लहान मुलासारखा रडतो, मग घोड्यावर खोगीर चढवतो. मॉन्टानातल्या ब्लू रॉक गावात ते दोघं त्याला सापडतात आणि तो त्यांना ठार करतो. पुढे मेलेल्या बायकोचा घोडा आपल्या काळ्या घोड्यामागून चालवत तो हिंडत राहतो. एका गावात पिवळ्या केसांची बाई त्या मागच्या घोड्याला हात घालते. तो तिला गोळी घालतो आणि सुटतो, कारण आपला घोडा चोरणाऱ्या बाईला मारलं म्हणून माणसाला फाशी देता येत नाही, असा तिथला न्याय. नंतर डेन्व्हर. तिथे त्याला कुणीतरी भेटते. शेवटी नदीकाठ, ओकची सावली, एक म्हातारा, एक मुलगा, आणि आपण घरी निघालोय असं वाटणं.

पण ही अशी सलग गोष्ट रेकॉर्डवर कुणीच सांगत नाही. मी इथे जोडून दिलेले सांधे तिथे नाहीत.

ती तयार कशी झाली हे कळल्यावर मला ते सांधे का नाहीत याचा उलगडा व्हायला लागला. शीर्षकाचं गाणं विलीचं नाहीच. व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात राहणाऱ्या एडिथ लिंडमन आणि कार्ल स्टट्झ या जोडीने ते लिहिलं. बाई तिथल्या वर्तमानपत्रात नाटक-सिनेमांवर लिहायच्या, गृहस्थ रेडिओवर निवेदक. घोड्यावर बसून पिस्तुलं चालवणाऱ्यांपासून दोघंही कोसभर लांब. १९५४ मध्ये आर्थर स्मिथने ते गाणं गायलं. तेव्हा विली फोर्ट वर्थच्या रेडिओ स्टेशनवर रेकॉर्डी वाजवण्याची नोकरी करत होता आणि दुपारी मुलांच्या झोपेच्या वेळेला हे गाणं लावायचा. घरी स्वतःच्या मुलांनाही झोपवताना गायचा. बाईला गोळी घालून सुटणाऱ्या माणसाचं गाणं, अंगाई म्हणून. (मुलं झोपत असतील यात शंका नाही. भीतीने की कंटाळ्याने, तेवढं विचारायला हवं.)

वीसेक वर्षं ते डोक्यात राहिलं. कोलंबियाशी करार झाल्यावर कोलोरॅडोहून टेक्सासला गाडीने येताना विली रेकॉर्डसाठी विषय शोधत होता, आणि तेव्हाची त्याची पत्नी कॉनी म्हणाली की ते मुलांचं गाणं घे. मूळ गाण्यात फक्त मधला भाग आहे. दोन घोडे घेऊन एक परका गावात येतो, त्याची प्रिया डोंगरउतारावर मातीखाली झोपलीय, तो दुःखाने पिसाट झालाय, त्याच्या वाटेला जाऊ नका. ती कशी गेली हे गाणं सांगत नाही. ऐकणारा समजतो की बिचाऱ्याची बायको वारली. विलीने त्याच्या आधी काय झालं असेल याचा विचार केला आणि काही ओळी लिहिल्या. त्या ओळींनी तो विधुर खुनी झाला. मूळ गाण्याचा एक शब्दही न बदलता.

दुसरी गंमत याहून मोठी आहे. विली नेल्सन म्हणजे मुळात गाणी लिहिणारा माणूस. १९६१ मध्ये पॅट्सी क्लाइनने गाजवलेलं 'क्रेझी' त्याचं. गोष्टीची पोकळी भरायला तो हव्या तितक्या ओळी लिहू शकला असता. इथे त्याने स्वतःचं म्हणून जे लिहिलं ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं: सुरुवातीचं पाद्र्याचं गाणं, जे मधूनमधून परत येतं, ब्लू रॉक आणि डेन्व्हरचे दोन छोटे तुकडे, आणि शेवटचा 'बांडेरा' हा शब्दांशिवायचा तुकडा. बाकी सगळं लोकांचं. एडी आर्नल्डचं, हँक कॉक्रनचं, चर्चमधलं, नाचाच्या दिवाणखान्यातलं. जुनी, ओळखीची, बऱ्याच जणांनी आधी गायलेली गाणी त्याने उचलली आणि एका विशिष्ट क्रमाने शेजारी शेजारी ठेवली.

त्या क्रमाने काय होतं, ते 'ब्लू आइज क्राइंग इन द रेन' पाहिलं की कळतं. फ्रेड रोझने लिहिलेलं हे गाणं रॉय एकफने १९४० च्या दशकातच गायलं होतं. साधं विरहगीत. पावसात निरोप घेताना तिचे निळे डोळे भरून आले होते, आता भेट वरच्या जगात. कुठल्याही लग्नात, कुठल्याही अंत्यविधीला चालावं असं. विलीचं हे गाणं १९७५ च्या ऑक्टोबरात कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गायक म्हणून त्याचं ते पहिलंच, वयाच्या ४२ व्या वर्षी. त्यासाठी त्याला ग्रॅमीही मिळालं. लाखो लोकांनी रेडिओवर ऐकलं, डोळे पुसले. पण रेकॉर्डवर ते कुठे आहे बघा. ब्लू रॉकमधल्या खुनानंतर लगेच. म्हणजे ज्या डोळ्यांची आठवण काढून हा माणूस इतक्या मऊ आवाजात गातोय, ते यानेच मिटवलेत. आणि आवाजात कुठेही पश्चात्तापाचा गहिवर नाही, बचाव नाही, नाटक नाही. नुसती आठवण. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. रेडिओवर गाणं सुटं ऐकणाऱ्यांना यातलं काहीच कळायचं कारण नव्हतं. रेकॉर्डचं सगळ्यात गाजलेलं गाणं आपल्या जागेवरून उचललं की अगदी निरागस होऊन बसतं, याची मला अजून गंमत वाटते.

आता ज्या जागेसाठी मी ही सीडी लोकांना ऐकायला लावते ती. ब्लू रॉकच्या तुकड्यात विली सांगतो की गावातल्या एका आडबाजूच्या शांत गुत्त्यात त्याला ते दोघं सापडले. तो दारातून आत आला तेव्हा ते एकमेकांकडे पाहून हसत होते, आणि चेहऱ्यावर हसू असतानाच ते मेले. दीड मिनिटाचा मामला. पुढे बरीच गाणी होऊन जातात, रेकॉर्डची बाजू बदलते, आणि डेन्व्हरचा तुकडा येतो. चाल तीच. गावातला गुत्ता तोच, म्हणजे शब्द तेच, आडबाजूची शांत जागा तीच. तो दारातून आत येतो. ते एकमेकांकडे पाहून हसतात. आणि चेहऱ्यावर हसू घेऊन ते नाचतात.

मेले, नाचले. एवढाच फरक. मधे कुणी सांगत नाही की त्याला क्षमा मिळाली, की त्याने प्रायश्चित्त घेतलं, की किती वर्षं गेली. 'ते' कोण, हेही बदललंय. पहिल्या वेळी ते दोघं आणि दारात हा तिसरा, दुसऱ्या वेळी त्या दोघांतला एक हाच. ओळ तीच ठेवून माणसाला तिच्या आत घेतलंय. आणि त्यानंतर विली चक्क गप्प बसतो. पुढचे दोन तुकडे म्हणजे नुसतं नाचाचं संगीत. पहिला 'ओव्हर द वेव्ह्ज' हा वॉल्ट्झ. हुव्हेंतिनो रोसास या मेक्सिकन संगीतकाराची ही रचना १८८८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती इतकी व्हिएन्नाच्या थाटाची आहे की लोक तिला स्ट्राउसची समजतात, आणि अमेरिकन सर्कशीत झोपाळ्यावरच्या कसरतींना ती इतकी वाजवली गेली की ऐकली की माणसं वर बघतात. दुसरा 'डाउन यॉन्डर', पियानोवर धावणारा. कथा सांगणाऱ्याने सांगितलं की ते नाचले, आणि मग तुम्हाला नाच ऐकवला. वर्णन नाही.

या सगळ्याचा आवाज इतका उघडा का आहे, हा कोलंबियातल्या साहेबांनाही पडलेला प्रश्न. साठच्या दशकात नॅशव्हिलमध्ये कंट्रीचं गाणं म्हणजे मागे व्हायोलिनांचा ताफा आणि 'ऊ-ऊ' करणारा कोरस, असं ठरून गेलं होतं. विलीने त्यात बरीच वर्षं काढली आणि त्याच्या आवाजाचं तिथे कुणाला काय करावं ते कळलं नाही. टेनेसीतलं त्याचं घर जळालं, १९७२ मध्ये तो ऑस्टिनला आला आणि आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स या संगीताच्या सभागृहासारख्या ठिकाणी गायला लागला. तिथे लांब केसांचे हिप्पी आणि टोपीवाले गावकरी एकाच गर्दीत उभे असायचे. नव्या करारात त्याने एक गोष्ट लिहून घेतली होती: रेकॉर्ड कशी करायची ते मी ठरवणार. म्हणून गार्लंड. खर्चाचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात, पण सगळ्यात जास्त ऐकू येतो तो चारेक हजार डॉलरचा. टेप ऐकल्यावर कंपनीतल्या लोकांना वाटलं हा कच्चा नमुनाच आहे, आता यावर व्हायोलिनं चढवू. कराराने हात बांधलेले होते. जशी होती तशी निघाली आणि पुढे वीस लाखांहून अधिक खपली.

ऐकायला बसलं की वाद्यं बोटांवर मोजता येतात. बहीण बॉबीचा पियानो, मिकी राफेलची माउथ ऑर्गन, बी स्पीअर्सचा बास, जोडी पेनचं मॅंडोलिन कुठेकुठे, पॉल इंग्लिशचा ड्रम असून नसल्यासारखा. आणि विलीची गिटार. मार्टिन कंपनीची एन-२०, नायलॉनच्या तारांची, शास्त्रीय गिटारवादकांसाठी केलेली, १९६९ मध्ये घेतलेली. तिचं नाव ट्रिगर, पडद्यावरच्या काउबॉय रॉय रॉजर्सच्या घोड्यावरून ठेवलेलं. घराला आग लागली तेव्हा विलीने धावत आत जाऊन जी काही वाचवली त्यात ही होती. अशा गिटारी बोटांनी छेडायच्या असतात, हा पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चपट्या तुकड्याने, वाजवतो. त्यामुळे वर्षानुवर्षं घासून तिच्या पोटाला भलंमोठं भोक पडलंय, मूळच्या गोल भोकाच्या बाजूला. लाकडाच्या आतल्या पट्ट्या दिसतात. या रेकॉर्डवर ती जणू शेजारच्या खोलीत कुणी वाजवतंय इतकी जवळ आहे. तार सोडल्यावरची खरखरसुद्धा येते.

बाबा इकडे आले होते तेव्हा मी त्यांना ऐकवलं. बाबांचं गाणं म्हणजे सुधीर फडके, त्यातही 'गीतरामायण'. इंग्रजी गाण्याला ते एरवी हात जोडतात. थोडं ऐकून म्हणाले, "हा गातोय की सांगतोय गं?"

"दोन्ही, बाबा."

"ठेक्याच्या मागे बसतो हा. पण पडत नाही." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. बोटाने सोफ्याच्या हातावर ठेका धरून होते आणि विली कुठे मागे राहतो, कुठे शब्द घाईने उचलून पुढे येऊन गाठतो, ते पकडत होते. नॅशव्हिलला जे पंधरा वर्षांत कळलं नाही ते बाबांना दोन गाण्यांत कळलं, असं मी आईला फोनवर सांगितलं. थोडी अतिशयोक्ती, पण मुलगी म्हणून तेवढं चालतं.

बाबांमुळेच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गाण्यांतून सलग गोष्ट ऐकायची आपल्याला सवय आहे. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक याप्रमाणे 'गीतरामायण' सुरू झालं, ५६ गाणी झाली, आणि रेडिओपुढे बसलेल्या प्रत्येकाला पुढे काय होणार ते पाठ होतं. सीतेला कोण नेणार, सेतू कोण बांधणार. त्यामुळे गदिमांना घटना सांगण्याचं ओझं नव्हतं. प्रत्येक गाणं एका पात्राच्या मनात शिरू शकत होतं. विलीकडे तशी माहितीची कथा नव्हती. त्याच्या पाद्र्याला कुणीच ओळखत नव्हतं. अशा वेळी कुणीही माणूस जास्त सांगतो, समजावून सांगतो, निवेदक आणतो. याने कमी सांगितलं. ऐकणाऱ्याला कथा ठाऊक नाही, तरी ती ठाऊक असल्यासारखा तो गातो. हे धाडस आहे आणि ते जमलंय, असं मला वाटतं. सगळीकडे जमलंय असं मात्र नाही. दुसऱ्या बाजूच्या मध्यावर, 'कॅन आय स्लीप इन युवर आर्म्स' आणि 'रिमेंबर मी' या दोन गाण्यांत, कोण कुणाला म्हणतंय हे मला अजूनही धड कळत नाही. कुणी जाणकार त्याला मोकळीक म्हणेल, मला तो धागा सुटलेला वाटतो.

रेकॉर्ड संपल्यावर बाबांनी विचारलं, "मग शेवटी त्याचं काय झालं? फाशी?"

"नाही. सुखी झाला."

"तीन मुडदे पाडून?"

"हो."

"आणि तुला हे आवडतं."

हा 'आणि' खोचक होता आणि त्याला माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. अजूनही अर्धवटच आहे. बायकोला नाव नाही. तिच्या तोंडी एक ओळ नाही. ती का गेली, हे विचारायची कुणाला गरज वाटलेली नाही. पिवळ्या केसांच्या बाईचा गुन्हा एवढाच की तिने घोड्याला हात लावला. विलीला बाईची बाजू दिसत नव्हती असंही नाही. आदल्याच वर्षी, १९७४ मध्ये, त्याने 'फेजेस अँड स्टेजेस' नावाची रेकॉर्ड केली होती. मोडलेल्या लग्नाची गोष्ट, आणि तिची एक अख्खी बाजू बायकोची. भांडी घासून कंटाळलेली, निघून जाणारी, सावरणारी बायको. ती लिहू शकणाऱ्या माणसाने वर्षभरात अशी रेकॉर्ड करावी ज्यात बाई फक्त मरते किंवा नाचते, हे मला खटकतं. जुन्या बॅलडची, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या लोकगीतांची, परंपराच तशी, खुनाची गाणी अपालाचियाच्या डोंगराळ मुलखात शेकडो वर्षं चालत आली आहेत, हे उत्तर मला माहीत आहे. ते कारण झालं. त्याने खटकणं जात नाही.

एवढं मात्र मी बाबांना सांगितलं, की पहिल्या बाजूच्या शेवटी काय आहे ते ऐका. 'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम' हे १८३५ मधलं भजन, शार्लट एलियट या इंग्लिश बाईंनी लिहिलेलं. इकडच्या बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट चर्चमध्ये प्रवचन संपताना ते गातात. ज्याला आपलं पाप कबूल करून नव्याने सुरुवात करायची असेल त्याने पुढे वेदीपाशी यावं, म्हणून. बिली ग्रॅहम या धर्मप्रचारकाच्या मोठमोठ्या सभा याच भजनावर संपायच्या. मी जसा आहे तसा येतो, सांगायला कुठलीही सबब नाही, असा त्याचा भाव. रेकॉर्डवर हे शब्द नाहीत. नुसता पियानो. बॉबी लहानपणापासून टेक्सासातल्या अ‍ॅबट गावच्या चर्चमध्ये हीच भजनं वाजवत मोठी झालेली. ऐकणाऱ्या टेक्सनाला मनातल्या मनात शब्द आठवतातच, ते उच्चारायची गरज नाही. गोष्टीतला नायक पाद्री आहे हे लक्षात ठेवा. आयुष्यभर दुसऱ्यांना वेदीपाशी बोलावणारा माणूस. आता बोलावणं त्याला आहे. तो गेला की नाही गेला? पियानो थांबतो, बाजू संपते.

आणि इथे सीडीवर माझा राग आहे. १९७५ मध्ये रेकॉर्ड घेणाऱ्याला इथे उठावं लागायचं. सुई उचलायची, तबकडी उलटायची, पुसायची, परत बसायचं. त्या उठण्याबसण्यात मॉन्टाना ते डेन्व्हरचा रस्ता होता, गेलेली वर्षं होती. दोन गुत्त्यांच्या मधे जी पोकळी हवी ती तिथे आपोआप मिळायची. सीडीवर भजन संपतं आणि श्वास घेण्याइतक्या वेळात डेन्व्हरचे दिवे लागतात. ऑफिसातले ते गृहस्थ तुकड्यातुकड्याने ऐकू नकोस म्हणाले ते खरं, पण एक तुकडा हवाच होता, तो बरोबर इथला. मी आता आठव्या नंबरनंतर सीडी थांबवते, स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावून येते. नवरा म्हणतो, "तुझं मध्यंतर झालं का? लावू का पुढचं?"

नव्या आवृत्तीने एक गोष्ट काढून घेतली ती ही. जोडल्या त्या चार. सोळावा तुकडा बाखच्या नावाने ओळखला जाणारा 'मिन्युएट इन जी', पियानो शिकणाऱ्या जगातल्या प्रत्येक मुलाला येतो तो. आता अभ्यासक म्हणतात की तो बाखचा नाहीच, क्रिस्टियान पेट्झोल्डचा आहे. सतरावं हँक विल्यम्सचं 'आय कान्ट हेल्प इट'. मग बॉब विल्सचं 'मेडन्स प्रेअर' आणि शेवटी 'बोनापार्ट्स रिट्रीट'. चारही छान वाजलेत. हँक विल्यम्सचं तर मी पुन्हा पुन्हा लावते. आणि चारही या गोष्टीत नकोत. 'बांडेरा'ची गिटार संपून नदीकाठचा माणूस कुठे स्थिरावला, तोच बाख सुरू होतो आणि पाद्री, घोडे, डेन्व्हर सगळं उठून निघून जातं. राहतात ती गार्लंडच्या खोलीत मजेत वाजवत बसलेली पाच-सात माणसं.

पण या जोडलेल्या चारांमुळे मला कळलं की ही गाणी हाताशी असून बाहेर ठेवली गेली. हँक विल्यम्सचं ते गाणं, ज्यात सोडून गेलेली प्रिया रस्त्यात दुसऱ्याच्या शेजारी उभी दिसते, ते ब्लू रॉकच्या आधी किती चपखल बसलं असतं. बायको, प्रियकर, जळणारा नवरा, सगळं आयतं. कुठल्याही निर्मात्याने ते तिथे घातलं असतं आणि ऐकणाऱ्याला खून होण्याआधीच खुनाचं कारण पटवून दिलं असतं. विलीने ते टाळलं. आता आपल्याला पाद्र्याचा मत्सर ऐकू येत नाही, फक्त त्याचं रडणं आणि खोगीर चढवणं. बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर कदाचित यात असेल: रेकॉर्ड त्याची वकिली करत नाही.

तेव्हा ही आवृत्ती घेणार असाल तर खुशाल घ्या, आवाज सुरेख आहे. फक्त आठव्या नंबरनंतर उठा आणि पंधराव्यानंतर बंद करा. उरलेले चार दुसऱ्या दिवशी, पोळ्या लाटताना वगैरे, वेगळे ऐका.